दोरीवरचा काळा कोट

१६ सप्टेंबर १९७९, रविवार

प्रौढ शिक्षणाच्या वर्गाच्या सुमनताईंनी वही दिली. म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, नाहीतर आलेलं अक्षर निघून जाईल. मी म्हटलं, अक्षर काय भाडेकरू आहे निघून जायला? मी चौथी पास आहे. तर म्हणाल्या, मग तुम्ही आठ ओळी लिहा. तोंड चालवलं की काम वाढतं, हे मला या वयात तरी कळायला पाहिजे होतं.

तर लिहिते. मी सोजरबाई भीमराज ओव्हाळ, राहणार पिंपरी, रेल्वेलाईनच्या अलीकडची चाळ. घरात मालक, मी आणि मुलगा विलास. विलास वकील.

वकील लिहिलं खरं, पण वहीत खोटं लिहू नये म्हणतात. गेल्या वर्षापासून तो कोर्टात जात नाही. चिंचवडला एका बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. हे आम्हा तिघांतच आहे. चाळीला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्याचा काळा कोट चाळीनं वर्गणी काढून शिवलाय. आमच्या लोकांतला इथला पहिला वकील. भिमाजी टेलरनं शिलाईसुद्धा घेतली नाही. फक्त माप दोन बोटं सैल ठेवलं. म्हणाला, "वकील पुढं सुटत्यात." आमचा वकील तसाच काडी राहिला. भिंतीवर बाबासाहेब कोटात आणि खाली खिळ्याला विलासचा कोट, असं आमचं घर. ते मी एका दिवसात कसं पुसू?

म्हणून दर रविवारी मी कोट दोरीवर घालते, नळाच्या समोर, सगळ्यांना दिसेल असा. लोकांना वाटतं, आठवडाभर कोर्टात घाम गाळला, आता उन्हात घातलाय.

विलास म्हणतो, "आई, हे बंद कर. लोकांना माहीत आहे."

"कुणाला काही माहीत नाही. तू फक्त सायकल आधी स्टेशनकडं घालत जा आणि मग पुलाखालनं चिंचवडकडं वळ."

आठ ओळींपेक्षा जास्त झालं. उद्या लिहिणार नाही.

१९ सप्टेंबर

शेजारची गोजाबाई शिलाई मशीन घेऊन आली. बँकेनं कर्ज दिलं म्हणे. "तुमच्या विलासनं मला खुर्ची दिली बसायला, सगळे कागद त्यानंच केलं."

गुपित फुटायचीच वेळ आली. पण मी काही कच्ची नाही. म्हटलं, "त्या बँकेत त्याची केस चालू आहे. म्हणून जातो अधनंमधनं."

"हां हां, केस," गोजाबाई म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला. सर्दी झालीय वाटतं तिला.

२ ऑक्टोबर

कोट पुन्हा लग्नाला चाललाय. गेल्या वर्षी एका नवऱ्या मुलाला फोटोपुरता दिला, तेव्हापासून रीतच पडली. सैल असल्यामुळं बारीक-जाड कुणालाही येतो. माझे नियम पक्के आहेत. हळदीला घालायचा नाही. कोट घालून जेवायचं नाही. इस्त्री करून परत. एकानं पानाची पिंक पाडून आणला होता, त्याच्या आईला मी नळावर सगळ्यांपुढं सांगितलं.

आज मागायला आलेला म्हणाला, "काकू, बुधवारी पायजे."

मी म्हटलं, बुधवारी कोर्ट असतं. तो म्हणाला, "बघा की जमतंय का." मग मीच सांगितलं की या बुधवारी कोर्टाला सुट्टी आहे. कसली सुट्टी ते त्यानं विचारलं नाही. साधा मुलगा.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज घरात वाजलं. विलास जेवताना म्हणाला, "आई, मी अर्ज करतोय. अहमदाबादला एक संस्था आहे. दोन वर्षांचा कोर्स. कंपन्या कशा चालवायच्या, त्यांचा पैसा कुठून येतो, कुठं जातो, ते शिकवतात."

"सव्वीस वर्षांचा घोडा परत शाळेत जाणार?"

"माझ्या वयाचे असतात तिथं."

"नापास झालेले असतील."

"आई, प्रवेश मिळणंच अवघड आहे. सगळ्या देशातनं मुलं परीक्षा देतात."

"मग कशाला जातोस गर्दीत? आधी काळा कोट सोडला, आता बँक सोडायची. उद्या घर सोडशील. आणि कंपन्यांचं काय शिकायचं? इथं पावलोपावली कंपन्या आहेत. भोंगा झाला की माणसं आत जातात, भोंगा झाला की बाहेर येतात. ते मीसुद्धा शिकवीन."

मालक इतका वेळ भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "काही कंपन्या बंद पण पडत्यात, सोजर."

मी तव्यावर दुसरी भाकरी टाकली.

मालक कामाला होते तो भोसरीचा कारखाना बंद पडला, ती गोष्ट. कामगारांनी केस लावली, विलास तेव्हा पुण्यातल्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली होता, त्यानंच कागद पाहिले. केस जिंकली. मी चाळभर पेढे वाटले. कामगार निकाल घेऊन गेले तर कारखान्यात यंत्रं नव्हती, मालक नव्हता, काहीच नव्हतं. गेटला कुलूप, आणि कुलूप तेवढं नवीन. आता आमचे मालक चिंचवडला दुसऱ्या कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. तेव्हापासून विलासचं कोर्टातनं मन उडालं. माझ्या मते त्याला नजर लागली. आपण नजर-बिजर मानत नाही, पण तेव्हा मिरच्या घरात होत्या, म्हणून उतरवून टाकल्या. उपयोग झाला नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

अर्जात लिहायचं आहे की वकिली का सोडली आणि पैशाच्या कामात का आलात. विलासनं दोन पानं इंग्रजी लिहिली आणि आपल्या वडिलांना वाचून दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी मान हलवत होते, कीर्तनाला बसल्यासारखे.

मी भांडी घासत ऐकलं. फादर हा शब्द तीनदा आला. मदर एकदाही नाही.

मी विचारलं, "मी कुठंय यात?"

"आई, हे कामाबद्दल आहे."

बरोबर. नऊ महिने फादरनंच वागवलं असेल.

कोट आज मुद्दाम दोन चिमटे लावून घातला.

५ नोव्हेंबर

संस्थेला दोन माणसांची शिफारस लागते म्हणे. विलास बँकेच्या मॅनेजरकडनं आणि त्या पुण्याच्या वकिलाकडनं आणणार आहे. मला तो जायला नको आहे, पण काम करायचं तर धड करावं. वकील आणि मॅनेजर यांना अहमदाबादेत कोण विचारतो? मी कामगार पुढारी अर्जुनरावांकडं गेले. त्यांच्या ओट्यावर रांग होती. रेशनकार्डवाले, दवाखान्याचे, बालवाडीचे.

अर्जुनराव म्हणाले, "सोजरबाई, कुठली शाळा?"

"अहमदाबादची."

"कितवीत घालायचाय?"

"तो वकील आहे."

"असू द्या, असू द्या." त्यांनी शिक्का मारून चिठ्ठी दिली. 'सदर बालक होतकरू असून गरीब कुटुंबातील आहे. त्यास शाळेत दाखल करून घ्यावे व खाऊ द्यावा.' चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात, नाव तेवढं घालतात.

विलासनं वाचली आणि पोट धरून हसला. किती दिवसांनी हसला. मग चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. अर्जासोबत पाठवलीस का विचारलं तर म्हणाला, "नाही. ही माझ्यासाठी."

एवढा वेळ रांगेत उभी राहिले मी.

९ डिसेंबर, रविवार

परीक्षा झाली. पुण्यात होती. पेपर कसा गेला विचारलं तर "बघू." माझ्या मनात आलं, नापास होऊ दे. आईच्या मनात असं येऊ नये, पण आलं. वहीत खोटं लिहू नये. पुढं दोन महिने मी काहीच लिहिलं नाही तर सुमनताईंना सांगेन, दुखणं होतं.

२६ मार्च १९८०

पास झाला. मोठं पाकीट आलं. आता मुलाखत, मुंबईला, येत्या सोमवारी. पत्र कुठं फिरून आलं कोण जाणे, अगदी तोंडावर आलं.

मालकांनी गेटवरच्या मित्रांना चहा पाजला. कशाबद्दल म्हणून सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "असाच." बरं झालं.

२७ मार्च

विलासनं मुलाखतीची तयारी केली. म्हणाला, "दादा, तुम्ही साहेब व्हा. मला प्रश्न विचारा."

मालक स्टुलावर बसले. युनिफॉर्मची टोपी घातली. "नाव?"

"विलास भीमराज ओव्हाळ."

"रात्रपाळी चालंल का?"

"दादा, तिथं असं नाही विचारत."

"गप. ओळखीचं कुणी हाय का कंपनीत?"

"नाही."

"मग जावा. कळवतो."

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? मालक म्हणाले, "माझ्या इंटरव्ह्यूला एवढंच इच्यारलं हुतं. आन कळवलं न्हाईच."

मग त्यांनी टोपी काढली आणि अगदी हळू विचारलं, "वकिली का सोडली?"

विलास खाली बघत राहिला. म्हणाला, "याचं उत्तर मी तिथंच देईन."

तयारी करायची तर पूर्ण करावी. या घरात कुणाला शिस्त नाही.

२९ मार्च, शनिवार

घात झाला. संध्याकाळी विलास म्हणाला, "आई, कोट दे. ब्रश मारून ठेवतो."

"कसला कोट?"

"मुलाखतीला कोट लागतो."

हे मला कुणी सांगितलं? कोट ज्योतीरामनं नेला. मागच्या ओळीतला ज्योतीराम, त्याचं उद्या चाकणला लग्न आहे. सोमवारी-मंगळवारी आणून देतो म्हणाला.

विलास म्हणाला, "राहू दे. शर्टावर जाईन."

"शर्टावर? साहेबांपुढं? बँकेत पैसे भरायला आल्यासारखा?"

"तुला तर मी जायलाच नको आहे ना?"

तो शर्टावर गेला आणि पडला तर जन्मभर म्हणेल, कोटापायी पडलो. पडायचं तर कोट घालून पडू दे. मी उद्या चाकणला जाते.

३० मार्च, रविवार

एसटीनं गेले. शेजारी कांद्याची पोती. लग्न बाराचं. मी पोचले तेव्हा ज्योतीराम कोट घालून मांडवात बसला होता. दिसत होता चांगला, नाही म्हणत नाही. मी सरळ त्याच्याजवळ गेले. "ज्योतीराम, कोट काढ."

नवरीकडच्या बायका उठल्याच. त्यांना वाटलं, हुंड्याचं काही आहे. मी सांगितलं, उद्या विलासची मुंबईच्या कोर्टात मोठी केस आहे.

ज्योतीराम म्हणाला, "आमदाबादची केस ना, काकू? व्हय व्हय, द्यायलाच पायजे. फकस्त फोटो हुईस्तवर थांबा."

याला अहमदाबादचं कुणी सांगितलं? गडबडीत विचारायचं राहिलं.

लग्न वेळेत लागलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं टाकली. पण फोटोवाला आलाच नाही. त्याची राजदूत फटफटी वाटेत बंद पडली होती. पंगती उठल्या. नवऱ्याला मी शर्टावर जेवायला बसवला आणि कोट मांडीवर घेऊन समोर बसले. नियम म्हणजे नियम. ज्योतीरामचा बाप वाढपी पोरांना ओरडत होता, "त्या बाजूला जपून रे! बँकेच्या सायबाचा कोट हाय!"

मी म्हटलं, "वकीलसाहेबांचा."

"त्येच त्ये," म्हणाला. म्हाताऱ्याला फरक कळत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोटोवाला आला. आधी नवरा-नवरी, मग नवऱ्याकडचे, मग नवरीकडचे. शेवटची एसटी निघायची वेळ झाली. मी ज्योतीरामच्या मागं जाऊन उभी राहिले आणि कॉलर धरली, म्हणजे फोटो झाला की ओढायचा. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा."

"मी कोटासोबत आहे."

सगळ्या फोटोंत मी आहे. उद्या त्यांची नातवंडं विचारतील, नवऱ्याला धरून आणला होता का?

एसटी धरली. कोट पदराखाली घेऊन आले. घरी विलास दारात उभा होता. मीच म्हटलं, "इस्त्री तूच कर, माझे पाय दुखतायत."

१ एप्रिल

काल मुंबईहून आला, आज सविस्तर सांगितलं. ऐकून मी डोकं धरलं.

समोर तीन साहेब आणि एक बाई. विलासला घाम आला म्हणून खिशातनं रुमाल काढायला गेला, तर रुमालासोबत गुलाबाच्या पाकळ्या टेबलभर. वर चुरमडलेल्या लग्नपत्रिकेत गुंडाळलेला बुंदीचा लाडू. ज्योतीरामनं ठेवला होता, विलासला म्हणून. मी सगळा कोट झटकला, आतला खिसा राहिला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "काल लग्न झालं का तुमचं?"

हा म्हणाला, "माझं नाही सर. कोटाचं."

ते हसले. मग कोटाचं कसं लग्न होतं ते विचारलं. आणि या शहाण्यानं सगळं सांगितलं! चाळीनं वर्गणी काढून शिवला, आता नवरे घालतात, माझे नियम काय आहेत, मी चाकणला जाऊन नवऱ्याच्या अंगावरनं कसा काढून आणला, सगळं. एक साहेब म्हणाले, अजून दोन कोट शिवून भाड्यानं का देत नाही? हा म्हणाला, "आई देणार नाही. दुसरा कोट वकिलाचा नसेल." एवढंच नाही, रविवारी मी कोट दोरीवर घालते तेसुद्धा सांगितलं.

अर्जात मदर एकदाही आली नाही, आणि साहेबांपुढं माझी अशी वरात काढली!

त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही वकिली सोडल्याचं तुमच्या चाळीला अजून माहीत नाही?" विलासनं काहीतरी उत्तर दिलं आणि त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या म्हणे.

"काय उत्तर दिलंस?"

"आठवत नाही, आई."

वकील असून कालचं आठवत नाही. मालकांना ठसका लागला, मी पाठ थोपटली.

मग विचारलं त्यांनी, वकिली का सोडली. विलास सांगायला लागला तेव्हा त्याचा आवाज बदलला. "मी म्हटलं, माझे वडील ज्या कारखान्यात होते, त्याची केस आम्ही जिंकली. कोर्ट म्हणालं, कामगारांचं बरोबर. पण कारखाना केस चालू असतानाच आतनं पोकळ होत होता. ते सगळं कागदात होतं. ते कागद माझ्याच टेबलावर होते. मला कायदा वाचता येत होता, ते आकडे वाचता येत नव्हते. वाचता आले असते तर मी वेळेत सांगितलं असतं."

मालक उठले आणि हात धुवायला गेले. भाकरी अर्धी तशीच. मी विचारलं, भाजी खारट झालीय का? तर मान हलवली आणि मोरीपाशी बराच वेळ तोंड धूत राहिले.

भाजी मी चाखून बघितली. चांगली होती.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. स्टेजवर विलासला बसवला. माइकवरचा पोरगा म्हणाला, "आपल्या बँकेचे," मग अडखळला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "आपले वकीलसाहेब विलासराव." पोरांना आधी कागदावर लिहून द्यायला पाहिजे.

१० मे, शनिवार

घेतलं त्याला. जूनमध्ये जायचं.

विलासनं पत्र माझ्या हातात दिलं. इंग्रजी होतं, पण त्याचं नाव मला वाचता आलं. पूर्ण नाव छापलंय, वडिलांच्या नावासकट. आईचं घालत नाहीत.

मालक गेटवरनं दुपारीच आले, कधी येत नाहीत. विलासच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कळवलं का?"

"कळवलं, दादा."

मी पोळ्या केल्या. पुरणाच्या. रडले वगैरे नाही. पुरण वाटताना वाफ लागते डोळ्याला.

११ मे, रविवार

आता लपवून चालणार नाही. दोन वर्षं पोरगा दिसणार नाही तर काय सांगणार? मन घट्ट केलं आणि सकाळी नळावर गेले. सगळ्या बायका होत्या. मी हंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "बायांनो, एक सांगायचंय. विलास आता..."

"अगं बाई! काय सांगता!" गोजाबाई म्हणाली.

"अजून सांगितलेलं नाही."

"बरं, सांगा."

"विलास आता वकील नाही. बँकेत होता. आता मोठ्या शाळेत चाललाय अहमदाबादला."

मला वाटलं, हंडे पडतील. एकही पडला नाही. गोजाबाईनं तोंडावर हात ठेवला, मग दुसराही ठेवला. बाकीच्या एकमेकींकडं बघत राहिल्या. धक्का बसला की माणसं अशी गप्प होतात. शेवटी कोपऱ्यातली अंबुबाई म्हणाली, "मग कोट हितंच ऱ्हाणार ना? आमच्या भाच्याचं हाय पुढल्या महिन्यात."

दीड वर्ष मी जिवाला घोर लावून घेतला आणि यांना कोटाची पडलीय.

पण बरं वाटलं. हंडा हलका लागला.

१३ मे

भिमाजी टेलर आला. हातात नवा कोट. राखाडी, आत रेशमी अस्तर. म्हणाला, चाळीकडनं.

मी परवा सांगितलं आणि आज शिवून तयार! एरवी माझ्या पोलक्याला महिना लावतो. मनावर घेतलं तर करू शकतो म्हणजे. यापुढं मी ऐकणार नाही.

"माप कधी घेतलंस?"

"जुन्या कोटावरनं. डिसेंबरात लग्नावरनं इस्तरीला आलता न्हवं दुकानात, तवाच."

डिसेंबरात माप घेऊन ठेवलं? टेलरचं डोकं कसं चालतं काही कळत नाही.

विलासनं घालून बघितला. सैल. भिमाजी म्हणाला, "चार बोटं जादा ठेवलीत. वकिलापेक्षा म्यानेजर जास्त सुटत्यात."

विलासनं त्याचे पाय धरले. भिमाजीनं त्याला उठवलं आणि कॉलर नीट केली, खरं तर ती नीटच होती.

१५ जून, रविवार

गेला. स्टेशनवर अर्धी चाळ होती. ज्योतीराम बायकोला घेऊन आला होता. अर्जुनराव पण आले, आणि लोकांना सांगत होते की माझ्या चिठ्ठीवर झालं काम. मी काही बोलले नाही, कारण गाडी सुटायच्या आधी विलासनं पाकिटातली चिठ्ठी मला दाखवली. म्हणाला, "बालक जातंय, आई. खाऊ दे." मी लाडूचा डबा दिला.

जुना कोट घेऊन जा म्हटलं होतं. तर म्हणाला, "तो चाळीचा आहे. मी फक्त पहिल्यांदा घातला."

गाडी हलली तेव्हा मालकांनी सॅल्यूट केला, गेटवर साहेबांना करतात तसा. वयाला शोभत नाही. पण मी हात खाली ओढला नाही.

२२ जून, रविवार

दोन दिवस झड होती. आज ऊन पडलं. कोट दोरीवर घातला.

गोजाबाई हंडा घेऊन जाता जाता म्हणाली, "आता कशाला घालताय, सोजरबाई? आता कुणापासनं लपवायचंय?"

"आता म्हणजे?"

"काही न्हाई," म्हणाली आणि लगबगीनं गेली. तिच्या बोलण्यात काहीतरी होतं. उद्या नीट विचारीन.

मालकांची सुट्टी. ते दारात बसले होते, मीही बसले. घरात काम नव्हतं. दोघांचा स्वयंपाक म्हणजे काय, चूल पेटेपर्यंत संपतो. वाऱ्यानं कोटाची एक बाही सुटून हलायला लागली.

मालक म्हणाले, "टाटा करतोय बघ."

मी म्हटलं, चिमटा नीट लागलेला नाही, दुसरं काही नाही.

पण उठून लावला नाही.